समुदाय भवनाला वहिनीसाहेबांचं नाव : राजकीय घराण्यातली सेवा खरी की पेरणी?

दूधगंगा_काठ

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यात चिकोडी तालुक्यात, नदीकाठी. नाव मुद्दाम टाकत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. गावात नवं समुदाय भवन बांधून तयार आहे आणि त्याला नाव कुणाचं द्यायचं यावरून पंचायतीत जुंपली आहे. एक गट म्हणतो, भागातल्या एका राजकीय घराण्यातल्या थोरल्या वहिनीसाहेबांचं द्या. त्या मागच्या वर्षी वारल्या. घराण्यात आमदारकी झाली, जिल्हा पंचायत झाली, साखर कारखाना आहे, सौहार्द सहकारी सोसायटी आहे. वहिनीसाहेब स्वतः कधी निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. घराण्याच्या फौंडेशनचं काम मात्र वीसेक वर्षं त्यांनीच ओढलं. मोतीबिंदूची शिबिरं, शाळेच्या वह्या, पुराच्या वेळचं जेवण, डायलिसिसच्या पेशंटांसाठी गाडी, असं सगळं.

मी नावाच्या विरोधात आहे. बाई वाईट होत्या असं माझं म्हणणं अजिबात नाही. उलट त्या घरात माणसाला माणूस म्हणून ओळखणारी तेवढी एकच होती, हे त्यांचे विरोधकही खासगीत कबूल करतात. माझी हरकत वेगळी आहे.

आपल्याच जिल्ह्यात सौंदत्ती तालुक्यात शिरसंगी आहे. तिथले लिंगराज देसाई. दत्तक आलेला मुलगा, मोठी देसगत (देसाईपणाचं वतन), हाताशी माणसं, सरकारदरबारी वजन. १९०४ साली वीरशैव महासभेच्या पहिल्या अधिवेशनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं, म्हणजे आजच्या भाषेत पुरते राजकीय माणूस. १९०६ साली गेले ते मृत्युपत्रानं आपली इस्टेट मुलांच्या शिक्षणाला लावून. घरात ठेवली नाही, निधी केला. पुढं १९३३ साली बेळगावात कॉलेज निघालं त्याला त्यांचं नाव लागलं. माणूस जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती. नाव लावून घ्यायला ते हयात नव्हते, आणि नाव लावल्यानं त्यांच्या घरातल्या कुणाला तिकीट मिळणार नव्हतं.

आता आमच्याकडचं फौंडेशन बघा. अध्यक्ष साहेब, उपाध्यक्ष धाकटे साहेब, खजिनदार कारखान्यातला माणूस. वहिनीसाहेबांचं नाव कार्यकारिणीत सदस्य म्हणून सर्वांत खाली. डिजिटल फलकावर मात्र त्यांचा फोटो सगळ्यांत मोठा, शेजारी धाकट्यांचा, आणि खाली धाकट्यांच्या पोराचा. पोरगं अजून कॉलेजात आहे. भवनाला नाव दिलं की ते कुणाच्या उपयोगाला पडणार हे सांगायला ज्योतिषी नको. ग्रामसभा पुढच्या आठवड्यात आहे. मतं मांडा.

साहेबांचा_माणूस

मेलेल्या बाईच्या नावानं असलं लिहायला हात कसा वळतो हो तुमचा? २०१९ च्या ऑगस्टात दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा, सगळ्या एकदम अंगावर आल्या तेव्हा तुमचे लिंगराज आले होते काय भात घेऊन? कल्याण मंडपात चुली पेटवल्या त्या वहिनीसाहेबांनी. स्वतः पदर खोचून उभ्या. २०२१ ला यमगर्णीजवळ हायवे पाण्याखाली गेला, ट्रक अडकून पडले, तेव्हा ड्रायव्हर लोकांना पिठलं-भाकरी कुणी पोचवली? त्यातले निम्मे तमिळनाडूचे, राजस्थानचे. ते मतं देणार होते काय आम्हाला?

घराण्यात राजकारण आहे म्हणून त्या घरातल्या माणसानं दानधर्म करायचाच नाही, असा नियम आहे काय कुठं? केलं तरी नाव ठेवायचं, नाही केलं तरी नाव ठेवायचं.

निपाणीचा_वखारवाला

साहेबांचा माणूस, पिठलं-भाकरी झक्कास होती, मी बी खाल्लीय, खोटं कशाला बोलू. पण मर्दा, त्या भाकरीचं पीठ कुणाचं ते बी सांग की.

ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा हाय. ऊस घातल्यापास्नं १४ दिवसांत बिल द्यायचं, न्हाई दिलं तर वर्षाला १५ टक्क्यानं व्याज. कायदा हाय हा, मेहरबानी न्हवं. आता तुझ्या साहेबांच्या कारखान्याचं बिल १४ दिवसांत कधी निघालं सांग. चार-चार महिनं जिरवत्यात. व्याजाचं नाव काढलं की पुढच्या सालची तोड लांबती, म्हणून कोण नाव काढत न्हाई. बँकेचा हप्ता मात्र आमचा थांबत न्हाई, सोसायटी एक दिवस सोडत न्हाई. माझ्या एका टोळीच्या उसाचं व्याज धरलं तरी शाळेतल्या सगळ्या पोरांच्या वह्या येतील आणि वर कंपास पेट्या बी.

आमचंच पैसं आमाला वाटायचं आणि आमीच हात जोडून फोटो काढून घ्यायचा. ह्याला दान म्हणत असशील तर म्हण.

माहेर_सदलगा

मी बचत गटात आहे आणि माझ्या सासऱ्यांनी ती डायलिसिसची गाडी तीन वर्षं वापरली. तेवढ्यापुरतंच लिहिते.

डायलिसिस सरकारी दवाखान्यात फुकट आहे, हे सगळे सांगतात. खरं आहे, मशीनला पैसे लागत नाहीत. पण आठवड्यातून तीन वेळा जायचं असतं, एका वेळी चार तास मशीनवर, आणि आम्हाला तालुक्याला नंबर मिळाला नाही, बेळगाव गाठावं लागलं. पहाटे निघायचं, संध्याकाळी यायचं. मशीनवरून उतरल्यावर माणसाचं बीपी पडतं, पाय लटपटतात, त्याला एसटीच्या दांडीला धरून उभं राहता येत नाही. खासगी गाडी करायची तर आठवड्याचे तीन फेरे कुणाला झेपणार? आमच्या गल्लीतल्या एकानं गाडीभाड्यापायीच मधले मधले फेरे सोडले. ते गेले.

वहिनीसाहेबांच्या गाडीत मागची सीट काढून आडवं व्हायला गादी केली होती. आणि एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. गाडीत पाण्याची बाटली दिसेल अशी ठेवायची नाही, असं त्यांनी ड्रायव्हरला बजावलं होतं. या पेशंटांना पाणी मोजून प्यावं लागतं, बाटली समोर दिसली की जीव कासावीस होतो. त्याऐवजी पुढच्या खणात आवळा सुपारीची पुडी असायची, चघळायला. हे डिजिटलवर लिहून येत नाही आणि मतासाठी कुणी एवढा विचार करत नाही. एक दिवस त्या स्वतः पेशंटांबरोबर बसून बेळगावला जाऊन आल्या होत्या, त्यातून हे त्यांच्या ध्यानात आलं.

अजून एक. २०१८ ला घराणं निवडणुकीत पडलं. कुकर बंद, हळदीकुंकवाच्या साड्या बंद, वह्या पण पातळ आल्या. गाडी बंद झाली नाही.

खडेबाजार

वरच्या ताईंनी लिहिलंय ते वाचून मी दोन मिनिटं थांबलो. तरी मूळ धाग्याशी मी सहमत आहे, आणि थोडं कायद्याचं सांगतो, कारण दोन्ही बाजूंनी भावनेचा पूर आला आहे.

निवडणुकीत मतदाराला काही वाटणं हे लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३ खाली लाचखोरी, भ्रष्ट आचरण. पण कायद्याच्या या भागात 'उमेदवार' कोण, तर ज्याचं नामांकन रीतसर झालंय तो. आणि आचारसंहिता लागते निवडणूक जाहीर झाल्यावर. म्हणून कुकर संक्रांतीला निघतात आणि निवडणूक मे महिन्यात असते. बेकायदा काहीच नाही. फौंडेशन हे त्या मोकळ्या साडेचार वर्षांचं हत्यार आहे.

दुसरं. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकार्यावर खर्चावेच लागतात. पाच कोटी निव्वळ नफा असला तरी नियम लागू होतो. साखर कारखाना खासगी कंपनी असेल आणि फौंडेशन त्याच पैशावर चालत असेल, तर ते दान नव्हे, कायद्यानं लावलेला खर्च आहे. सहकारी असेल तर हा कायदाच लागू नाही, पण मग पैसा सभासदांचा, आणि सभासदांच्या पैशावर साहेबांचा फोटो का, हा निपाणीवाल्यांचा प्रश्न आणखी टोकदार होतो.

तिसरी गंमत. सरकारी जाहिरातीत कुणाचे फोटो छापायचे यावर २०१५ साली सुप्रीम कोर्टानं बंधनं घातली, पुढच्या वर्षी ती थोडी सैल केली. खासदार निधीच्या नियमांत तर स्पष्ट आहे की, खासदार किंवा त्याच्या घरचं कुणी पदाधिकारी असलेल्या ट्रस्टला तो निधी देता येत नाही. म्हणजे सरकारी पैशाला घराण्याचा वास लागू नये म्हणून नियम आहेत. घराण्याच्या ट्रस्टला मात्र असला कुठलाच अडसर नाही.

साहेबांचा_माणूस

कलमं सांगून पेशंट बरा होत नाही खडेबाजार साहेब. तुम्ही शहरात बसून बोलता.

हलशीवाला

शहराचं सोडा, आमच्या खानापुराकडं या एकदा. जंगलाच्या आत गावं हायत, पावसाळ्यात माणसाला पाळण्यात घालून आणूलालेत अजून. तिकडं कुणाचं फौंडेशन येत नाय, कारण मतं थोडकी. म्हणजे बघा, गरज किती हाय ह्याच्यावर सेवा ठरत नाय, यादीत नावं किती ह्याच्यावर ठरते. आमच्या एका वाडीत सगळं धरून पंधरा-वीस घरं. चष्म्याचं शिबिर कधी बघितलं नाय त्यांनी.

आणि मराठीचं काय? पाच वर्षं सगळे फलक कन्नडात. निवडणूक तोंडावर आली की ह्याच घराण्यांचे डिजिटल शुद्ध मराठीत, वर शिवाजी महाराज, जय भवानी. सीमाभागातला मराठी माणूस ह्यांना तेवढ्या दोन महिन्यांपुरता दिसतो. तिकडं महाराष्ट्राला पण आपण आठवतो ते सीमाप्रश्नाच्या कोर्टातल्या तारखेपुरतं. २०२३ ला ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली म्हणून गाजावाजा झाला, इकडच्या सरकारनं लगेच हरकत घेतली, दोन्हीकडं पेपरात फोटो. पेशंट कुठला कागद घेऊन कुठल्या दवाखान्यात जाणार हे कोण सांगूलालंय? त्यापेक्षा वहिनीसाहेबांची गाडी बरी, असं म्हणायची पाळी आली की नाय?

म्हणून मी मधलाच. बाईंना मान द्या, घराण्याला देऊ नका. कसं करायचं ते तुम्ही ठरवा.

मराठी_शाळेचा_मास्तर

'बाईंना मान द्या, घराण्याला देऊ नका' हे लिहायला सोपं आहे. मला वाटतं या धाग्यात सगळ्यांत मोठा अन्याय तिथंच होतोय.

राजकीय घराण्यातली बाई म्हणजे काय? पहाटेपासून दारात माणसं. कुणाची बदली, कुणाचं लग्न, कुणाची मयत. साहेब बेंगळुरात, धाकटे कारखान्यावर. चहा टाकणार कोण, मयतीला जाऊन बसणार कोण, पोरीच्या फीसाठी आलेल्या बाईला पदराआडून पाचशे देणार कोण? हे सगळं काम घराण्याच्या खात्यावर जमा होतं. तिकीट मुलाला, दिराला. तिचं नाव कार्यकारिणीत शेवटी. आणि आता ती गेल्यावर आपण सांगतोय, घराण्याचा फायदा होईल म्हणून हिचं नाव नको! म्हणजे हयातीत घरच्यांनी नाव खाल्लं आणि मेल्यावर गावानं.

बेळगावात आरपीडी क्रॉसला रोज हजारो माणसं उतरतात. रिक्षावाल्याला आरपीडी म्हणजे चौक. आर पी डी म्हणजे राणी पार्वतीदेवी, सावंतवाडी संस्थानच्या. कॉलेज १९४५ चं. कॉलेजमुळं निदान अक्षरं तरी उरली. तुम्ही त्या अक्षरांनाही नको म्हणताय.

आणि लिंगराजांबद्दल. मोठा माणूस, त्यागवीर म्हणतात ते उगाच नाही. पण ते पुरुष होते, देसाई होते, इस्टेट त्यांच्या नावावर होती म्हणून मृत्युपत्र करता आलं. वहिनीसाहेबांच्या नावावर काय होतं? गळ्यातलं सोडून?

वाचनालयाचा_कट्टा

मास्तर, मुद्दा जोरात आहे, पण लिंगराजांना इतक्या झटक्यात बाजूला सारू नका. आणि नुसते तेच नाहीत. वंटमुरीचे राजा लखमगौडा सरदेसाई घ्या. त्यांच्या नावाचं लॉ कॉलेज १९३९ चं, त्यांच्याच नावाचं सायन्स कॉलेज, हिडकलच्या धरणालाही त्यांचंच नाव. दुसरीकडं १९१६ साली केएलई ही शिक्षणसंस्था काढणारे सात जण बघा. बहुतेक शिक्षक माणसं, कुणा एका घराण्याची संस्था नव्हे. आज तिचा पसारा केवढा झाला ते आपण बघतो, आणि आज तिथंही राजकारण आहे की नाही यावर वेगळा धागा काढा, इथं नको. आपलं बेळगावचं सार्वजनिक वाचनालय तर १८४८ चं. कुणा एका घराण्याचं असतं तर भावकीच्या दाव्यात कधीच बंद पडलं असतं.

संस्था टिकली की नाव आपोआप टिकतं. वाटप कुणाच्या लक्षात राहत नाही. गावातल्या दहा जणांना विचारा, २०१३ च्या निवडणुकीआधी काय मिळालं होतं. कुकर की मिक्सर, यावरून भांडणं होतील.

लिंगराजांचं दान एका समाजापुरतं होतं असा आक्षेप कुणीतरी घेणारच, म्हणून आधीच लिहितो. होतं, त्या काळात सगळ्यांचं तसंच होतं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहंसुद्धा जातवार काढली, कारण एका पंगतीत बसायची तयारी नव्हती. पण लिंगराज कॉलेजात मराठी पोरं शिकली नाहीत काय? माझा थोरला भाऊ तिथलाच.

निपाणीचा_वखारवाला

मास्तर, पदराआडून पाचशे दिलं त्ये खरं. पर त्ये पाचशे देऊन ती बाई शेवटी म्हणायची काय? "साहेबांकडं ध्यान असू द्या." माझ्या कानानं ऐकलंय. वाईट न्हवती, मनानं देत हुती, पर देताना हिशेब घराण्याच्या वहीत मांडत हुती. दोन्ही एकदमच खरं असतंय की.

१९८१ ला तंबाखूच्या आंदोलनात हायवेवर बसल्याली माणसं माझ्या घरातली हायत. गोळीबार झाला, माणसं गेली. तवा मागत हुते त्ये दर, भाकरी न्हवं. तवापास्नं आमच्याकडं एक म्हणायची रीत हाय, दर द्या, दान नको.

माहेर_सदलगा

वखारवाले दादा, दर मिळाला पाहिजे, यात वाद नाही. पण दराचं बिल निघेपर्यंत किडनी थांबत नाही.

दूधगंगा_काठ

बरीच मतं आली. मास्तरांचं म्हणणं सर्वांत जास्त बोचलं, आणि सदलग्याच्या ताईंचं वाचून बाईंबद्दलचा आदर वाढला. तरी माझी भूमिका बदलत नाही, उलट पक्की झाली. का, ते सांगतो.

ताई, ती गाडी आज कुठं आहे? तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून मी लिहितो. वहिनीसाहेब गेल्या त्याला वर्ष होतंय. दिवस झाले, फोटोला हार घातला, आणि पुढच्या महिन्यात गाडी कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरला केन यार्डात, उसाच्या गाड्या लागतात तिथं, टाकलं. नऊ पेशंट होते त्या वेळी. त्यांचं काय झालं, कुणी विचारलं?

मी लिंगराजांचं उदाहरण दिलं ते एवढ्याचसाठी. दान किती मोठं, किंवा देणारा मनानं कसा, हा माझा प्रश्न नाही. देणाऱ्यामागं ते चालू राहील अशी तजवीज झाली का, हा प्रश्न आहे. वहिनीसाहेबांनी वीस वर्षं राबून जे उभं केलं ते घराण्यानं बारा महिनेसुद्धा चालवलं नाही. आणि आता त्याच घराण्याचा गट भवनाला त्यांचं नाव मागतोय. फोटो पाहिजे, डिझेल नको.

मास्तर म्हणतात त्यांच्या नावावर काही नव्हतं. बरोबर. मग ते का नव्हतं, याचा जाब घराण्याला विचारायचा की नाव देऊन त्यांना मोकळं करायचं?

साहेबांचा_माणूस

अर्धवट माहितीवर लिहू नका. गाडी मुद्दाम कुणी बंद केलेली नाही. गाडी कारखान्याच्या नावावर आहे, फौंडेशनच्या नाही. यंदा ऑडिटमध्ये शेरा आला की कारखान्याच्या खर्चात हे बसत नाही, म्हणून थांबवली. कागदपत्रं झाली की चालू होईल. धाकट्या साहेबांच्या डोक्यात आहे विषय.

निपाणीचा_वखारवाला

घ्या! म्हंजी गाडी बी कारखान्याची, डिझेल बी कारखान्याचं, ड्रायव्हर बी कारखान्याचा. मी काय म्हणत हुतो वर? सभासदांची गाडी सभासदांनाच, आणि फोटू साहेबांचा. ऑडिटवाल्याला वीस वर्षं दिसलं न्हाई, बाई गेल्यावर दिसलं व्हय?

खडेबाजार

साहेबांचा माणूस, तुम्ही नकळत या धाग्यातली सगळ्यांत कामाची माहिती दिलीत, आभार. आता प्रश्न सोपा झाला. गाडी सभासदांची असेल तर ती कुणी दान केलेली नाही, पण ती चालवली एका बाईनं. पैसा गावाचा, मेहनत त्यांची. मग मान मेहनतीला द्यायचा.

राजकारणातल्या माणसाला घराण्याबाहेरचं काही उभं करताच येत नाही, असंही नाही. बेळगावचे माजी महापौर विजय मोरे यांचं बामणवाडीचं शांताई वृद्धाश्रम आहे. त्यांच्याच मंडळींनी घरोघरची रद्दी गोळा करून विकायची आणि त्यातून गरजू मुलांची फी भरायची, असा उपक्रम चालवला. रद्दी देणारा प्रत्येक जण त्यात दाता होतो. तुमच्या गावात सभासद, बचत गट, पेशंटांचे नातेवाईक, सगळे मिळून एक गाडी चालवू शकत नाहीत काय? ट्रस्ट वेगळा करा, घराण्यातलं कुणी विश्वस्त नको, हिशेब दर वर्षी पंचायतीच्या फळ्यावर.

मराठी_शाळेचा_मास्तर

हे मला पटतं, एका अटीवर. त्या गाडीवर नाव वहिनीसाहेबांचं. साहेबांच्या आडनावाशिवाय, आणि माहेरचं नाव घालून. बाई माहेरच्या कुठल्या हे गावात अर्ध्या लोकांना ठाऊक नाही. हुक्केरीकडच्या होत्या, वडील प्राथमिक शिक्षक. त्यांना मी ओळखत होतो. वह्या वाटताना शंभर पानी नको, दोनशे पानी द्या, म्हणून त्या का हट्ट धरायच्या, ते मला तेव्हाच कळलं होतं.

हलशीवाला

भारी. आणि भवनाला काय नाव? मोकळं ठेवा की. भवनाला नाव पायजेच कशाला? लग्न लागूलालं की कोण वर बघतंय?

साहेबांचा_माणूस

घराण्यातला विश्वस्त नको म्हणता, आणि गाडी मात्र कारखान्यानं द्यायची. वा! मग साहेबांनी काय नुसतं बघत बसायचं? वीस वर्षं घराण्यानं चालवलं ते काहीच नाही? मी मोठ्या साहेबांच्या कानावर घालतो. गाडी देतील, मन मोठं आहे त्यांचं. पण ठरावात 'घराण्यातलं कुणी नको' असलं काही लिहू नका. अट घातली की माणूस दुखावतो.

दूधगंगा_काठ

अट नाही तर नाव नाही. ग्रामसभेत मी एवढंच मांडणार आहे. आधी गाडी वेगळ्या ट्रस्टकडे, मग नावाचा विषय. हात वर करून जे होईल ते होईल. पडलो तर पडलो.

वाचनालयाचा_कट्टा

पडाल. त्या दिवशी कारखान्याचे ट्रॅक्टर भरून माणसं येतील. निदान विरोधी मत प्रोसिडिंगमध्ये नोंदवून घ्या.

निपाणीचा_वखारवाला

आणि सभेत उसाच्या व्याजाचा बी विषय काढ. तोड लांबंल, लांबू दे.

माहेर_सदलगा

मी ग्रामसभेला येणार आहे, आमच्या गटाच्या बायका पण येतील. त्या नऊ पेशंटांपैकी सहा जणांच्या घरी मी काल-आज फोन केला. दोघं आता नाहीत. बाकीच्यांना पण सभेला आणते. साहेबांच्या माणसानं त्यांच्या तोंडावर सांगावं, ऑडिटचा शेरा काय आहे ते.

आणि दूधगंगा दादा, ठराव पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) कन्नडमध्ये लिहितात आणि आपण सगळे खाली सह्या करून येतो. सही करायच्या आधी कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. अट त्यात आली आहे का, तेवढं बघा.